देवास गेटचा एक मुक्काम

सरकारी नोकरीत पस्तीसहून अधिक वर्षे काढलेल्या माणसावर धर्मशाळेत उतरण्याचा प्रसंग सहसा येत नाही. दौऱ्यावर गेले की विश्रामगृह असते आणि चौकीदाराला आपल्या येण्याची वर्दी आधीच पोचलेली असते. त्यामुळे २०२३ च्या अधिक श्रावणात उज्जैनला देवास गेटजवळच्या एका जुन्या धर्मशाळेच्या ओट्यावर थोरल्या बहिणीसह उभा राहिलो, तेव्हा निवृत्त होऊनही मला क्षणभर चुकल्यासारखे झाले. ताईला सप्तसागरांची यात्रा करायची होती. बस उशिरा पोचली होती आणि हॉटेलांचे त्या महिन्यातले दर ऐकून तीच म्हणाली, "अरे, आपले आजोबा कुठे उतरायचे? तिथेच जाऊ."

आजोबा नेमके कुठे उतरत हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हते. पण उतरत ते याच बाजूला, हे मात्र नक्की. कारण ते रेल्वेने येत.

देवास गेट हे नाव दरवाजाचे असले तरी तिथे उतरणारा माणूस शोधतो ती बसगाडी. या बसस्थानकाला हुतात्मा राजाभाऊ महाकाळ यांचे नाव आहे. उज्जैनचे राजाभाऊ गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगिजांच्या गोळीला बळी पडले. घाईत तिकीट काढणाऱ्या प्रवाशांपैकी किती जण ती पाटी वाचतात कोण जाणे. समोर रेल्वे स्टेशन आहे. जुने शहर पश्चिमेला, क्षिप्रेच्या काठाने वसलेले. आणि पथिकांच्या निवाऱ्याची जुनी सोयही अर्थातच तिकडेच, घाटांच्या आणि देवळांच्या आसपास.

या जुन्या उज्जैनवर मराठी हात उमटला तो अठराव्या शतकात. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकाळेश्वराच्या देवळाची पुन्हा उभारणी केली. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये आपले ठाणे ग्वाल्हेरला नेईपर्यंत ही शिंद्यांची राजधानी होती. पुढे बायजाबाईंनी शहराच्या मध्यात गोपाळ मंदिर बांधले. याच बायजाबाईंनी मथुरेला सर्वतोमुख यज्ञ योजिल्याची बातमी ऐकून वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने घराबाहेर पडले आणि माळव्याच्या वाटेने ऐन बंडाच्या धामधुमीत सापडले. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेला त्यांचा 'माझा प्रवास' आपण सारे झाशीच्या राणीसाठी वाचतो. मला मात्र हल्ली त्यात दिसते ती दुसरीच गोष्ट. खिशात फारसे काही नसलेला एक भिक्षुक आज रात्री कुठे टेकायचे या एका प्रश्नाच्या आधाराने सारा हिंदुस्थान ओलांडतो आहे. त्याला प्रत्येक मुक्कामी कोणी ना कोणी जागा देते. ती दया म्हणून नव्हे, तर आल्यागेल्याला जागा द्यायची असते म्हणून. अहिल्याबाई होळकरांनी दूरदूरच्या तीर्थांवर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, त्यामागेही हीच समजूत होती.

१८९६ साली भोपाळ-उज्जैन रेल्वे सुरू झाली आणि यात्रेकरू शहराच्या पूर्वेच्या अंगाला उतरू लागला. मग निवाराही त्याच्यामागून स्टेशनाजवळ सरकला. पुढे मोटारी आल्या, देवासकडचा रस्ता वाहता झाला आणि देवास गेट हे गावाचे नवे तोंड बनले. घाटावरच्या धर्मशाळेत माणूस पायी आलेला, थकलेला असे आणि चार दिवस राही. स्टेशनजवळच्या धर्मशाळेत तो रात्रीपुरता पाठ टेकायला येऊ लागला. वास्तूंची रचनाही तशीच आहे. आम्ही उतरलो तिथे मधोमध चौक, चारी बाजूंनी ओवरी, ओवरीमागे खोल्या, कोपऱ्यात पाण्याचे टाके. खोलीत एक लोखंडी खाट, एक सतरंजी, भिंतीत कोनाडा. ताई खाटेवर आणि मी सतरंजीवर.

व्यवस्थापकाने आधार कार्डाची झेरॉक्स घेतली आणि जाडजूड वही पुढे सरकवली. नाव, बापाचे नाव, गाव, माणसे किती, कोठून आलात, कोठे जाणार. भिंतीवर हिंदीत पाटी होती की तीन दिवसांपेक्षा अधिक मुक्काम करता येणार नाही. हा तीन दिवसांचा नियम उत्तरेतल्या आणि दक्षिणेतल्या असंख्य धर्मशाळांत आढळतो. वरवर तो कंजूषपणाचा वाटतो, पण उलट्या बाजूने वाचावा. तीन दिवसांपर्यंत तुम्हांला कोणी उठवणार नाही, असाही त्याचा अर्थ होतो. ब्रिटिश मुलखात १८६७ च्या सराय अधिनियमाने सराईची नोंदणी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे व्हावी असे ठरवले. सरकारला उतरणारा परका माणूस हा संशयाचा विषय वाटत होता. धर्मशाळेच्या पाटीला तो पाहुणा वाटत होता. नोंदवही दोन्हीकडे असे, पण ती ठेवण्यामागची नजर वेगळी.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. हा पाहुणचार सर्वांसाठी नव्हता. कितीएक धर्मशाळा जातीजातींच्या होत्या आणि ज्यांना कुठल्याच धर्मशाळेचे दार उघडे नव्हते, असा केवढा तरी समाज होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले, तेव्हा परदेशात शिकून आलेल्या या विद्वानाला राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले. नाव उघडकीला आल्यावर लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. नोकरी संस्थानची, शिष्यवृत्ती संस्थानची, पण रात्रीपुरते छप्पर द्यायला संस्थान पुरे पडले नाही. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमात दुकाने आणि पाणवठे यांच्या जोडीने धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे शब्द स्वतंत्रपणे घालावे लागले, ते काही उगाच नव्हे. आमच्या आजोबांना सहज मिळालेली सतरंजी त्या काळी देवास गेटला सर्वांनाच मिळत होती, असे मी म्हणणार नाही.

रात्री झोप लागली नाही. उकाडा होता, बसस्थानकातून गावांची नावे पुकारली जात होती, पण खरे कारण वेगळेच होते. ती चौकाची रचना मी पूर्वी कागदावर पाहिली होती. दुसऱ्या एका जिल्ह्यात उपविभागीय अधिकारी असताना माझ्याकडे सार्वजनिक न्यासांचे पंजीयक म्हणूनही काम होते. मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५१ प्रमाणे न्यासाची इमारत विकायची किंवा तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायची तर पंजीयकाची पूर्वपरवानगी लागते. एका धर्मशाळेच्या विश्वस्तांचा अर्ज आला. छप्पर गळते आहे, उत्पन्न नाही, रस्त्याकडची बाजू दुकानांसाठी दीर्घ मुदतीने द्यावी, त्यातून दुरुस्ती होईल. दानपत्रात दात्याने वाटसरूला तीन रात्री निवारा, स्वयंपाकाची भांडी आणि सरपण द्यावे असे लिहिले होते. मी दानपत्र वाचले, जागा पाहिली आणि परवानगी दिली. आतल्या खोल्या वाटसरूंसाठीच राखाव्यात अशी अट घातली. आदेश कायदेशीर होता, अपीलही झाले नाही.

काही वर्षांनी त्या गावातून जाताना सहज आत डोकावलो. समोर दुकाने चांगली चालली होती. आतल्या खोल्यांत त्याच दुकानांचा माल ठासून भरलेला होता. चौकात खोकी. मी अट लिहिली होती. ती पाळली जाते की नाही हे कोणी, केव्हा पाहावे, ते लिहिले नव्हते. छप्पर मात्र दुरुस्त झाले होते, हेही खरे.

पहाटे व्यवस्थापकाला मी विचारले की जुन्या वह्या कुठे असतात. तो हसला. २००४ च्या सिंहस्थाआधी जागा करायची म्हणून पोत्यांत भरून रद्दीत घातल्या, म्हणाला. क्षिप्रेवरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, कारण त्यांवर त्यांचा चरितार्थ चालतो. धर्मशाळेची वही कोणाच्या उपयोगाची? तीत असते ती कोण कुठून आला, किती जण होते, कधी निघाले एवढीच माहिती. इतिहासाला दुसरे काय लागते, हे मला त्याला समजावता आले नाही. आमच्या आजोबांची सही, असलीच तर, त्या पोत्यांतून गेली.

आम्ही रिक्षा ठरवून निघालो. रुद्रसागराला मीठ, क्षीरसागराला दूध, पुरुषोत्तम सागराला चाळणी आणि मालपुवे. आपल्याकडे अधिकात जावयाला तेहतीस अनारसे देतात, त्याचेच हे माळवी भावंड म्हणायचे. २०२२ मध्ये महाकाल लोक झाल्यापासून रुद्रसागराच्या काठाला मोठी शोभा आली आहे आणि गर्दीही. बाकीच्या काही सागरांची दशा पाहून ताई गप्प झाली.

शेवटी शहराच्या पूर्वेला उंडासा गावात रत्नाकर सागर. इथे पाणी खरोखर सागरासारखे पसरलेले. बांधावर खेड्यांतून आलेल्या बायका पूजेची ताटे घेऊन ओळीने बसल्या होत्या. ताईने सौभाग्यलेणे पाण्यात सोडले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने तिला माळवीत विचारले, रात्री कुठे होतात? ताईने देवास गेटच्या धर्मशाळेचे नाव सांगितले. म्हातारी म्हणाली, आम्हीही तिथेच, पण खोली नाही मिळाली, ओवरीत होतो, तुमच्या दाराशी. रात्री खोलीचे दार आतून कडी लावून बंद करणारा मीच होतो.