न दिसणारीं छिद्रें

हृदयाच्या उजव्या भागांतील रक्त डाव्या भागांत कोणत्या वाटेनें जातें, हें आज शाळेंतील मुलगाही सांगेल. तें फुप्फुसांत जातें, श्वासाबरोबर आलेल्या हवेंतील प्राणवायु घेतें आणि मग डाव्या बाजूस येतें. परंतु हें साधें उत्तर पाश्चात्य वैद्यकांत रुजण्यास सुमारें दीड हजार वर्षें लागलीं.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत रोम येथें नांवारूपास आलेला ग्रीक वैद्य गेलन (युनानी वैद्यकांतील जालीनूस) याचें मत असें होतें कीं, हृदयाच्या दोन कप्प्यांमधील जाड पडद्यास सूक्ष्म छिद्रें असून त्यांतून रक्त पलीकडे पाझरतें. छिद्रें कोणास दिसत नसत. पण तीं फार बारीक आहेत, एवढें सांगितलें म्हणजे शंका मिटत असे. पुढें व्हेसेलियससारख्या कुशल शारीरज्ञासही तीं सांपडलीं नाहींत. १५४३ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें याबद्दल ईश्वरी रचनेचें कौतुक केलें. उघड शंका प्रकट करण्यास १५५५ ची दुसरी आवृत्ति यावी लागली.

वस्तुतः हें कोडें तीनशें वर्षांपूर्वींच सुटलें होतें. कैरो येथील वैद्य इब्न अल्-नफीस यानें इब्न सीनाच्या ग्रंथावरील भाष्यांत १२४२ च्या सुमारास स्पष्ट लिहिलें कीं, या पडद्यास दिसणारें छिद्र नाहीं आणि गेलन म्हणतो तसें अदृश्य छिद्रही नाहीं. रक्त फुप्फुसांतूनच गेलें पाहिजे. या लेखनाकडे आधुनिक विद्वानांचें लक्ष वेधलें तें एका इजिप्शियन वैद्यानें १९२४ सालीं बर्लिनमधील हस्तलिखित अभ्यासिलें तेव्हां.

युरोपांत हाच विचार प्रथम छापला गेला तो १५५३ सालीं, मिगेल सर्व्हेटस याच्या एका धर्मविषयक ग्रंथांत. त्याच वर्षीं २७ ऑक्टोबर रोजीं जिनीव्हा येथें त्याला जिवंत जाळण्यांत आलें. शारीरशास्त्रासाठीं तो हुतात्मा झाला असें पुष्कळदां सांगतात, तें बरोबर नव्हे. त्याच्यावरील आरोप त्याच्या धर्ममतांबद्दल होते. पण ग्रंथाच्या प्रतीही जाळल्या गेल्या आणि त्यांबरोबर फुप्फुसांविषयींचीं तीं पानेंही गेलीं. पुढें १५५९ सालीं इटलींतील कोलोम्बो याच्या ग्रंथांत तोच सिद्धान्त आला.

१६२८ सालीं विल्यम हार्वे यानें रुधिराभिसरणाचा सिद्धान्त मांडला. त्याची भिस्त गणितावर होती. प्रत्येक ठोक्यास थोडें रक्त बाहेर पडतें असें धरलें, तरी अर्ध्या तासांत तें साऱ्या शरीरांतील रक्ताहून अधिक भरतें. तेव्हां तेंच रक्त फिरून येत असलें पाहिजे. परंतु फुप्फुसांत तें एका वाहिनींतून दुसरींत कसें जातें, हें हार्वेसही पाहतां आलें नाहीं. सूक्ष्म वाटा असाव्यात, असें त्यालाही गृहीत धरावें लागलें. म्हणजे न दिसणारीं छिद्रें त्याच्याही पदरीं होतींच!

मग गेलन आणि हार्वे यांत अंतर कोणतें? गेलनचीं छिद्रें त्याच्या उपपत्तीस हवीं होतीं म्हणून होतीं. हार्वेच्या वाटा मोजलेल्या रक्तास जाण्यास दुसरा मार्गच नव्हता म्हणून होत्या. १६५७ सालीं हार्वे वारला. अवघ्या चार वर्षांनीं, १६६१ सालीं, बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिघी यानें बेडकाचें फुप्फुस सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेविलें. फुप्फुस म्हणजे असंख्य लहान वायुकोशांचा समूह असून त्यांच्या भिंतींवर केसाहून बारीक वाहिन्यांचें जाळें पसरलेलें त्याला दिसलें. आपला मित्र बोरेल्ली यास दोन पत्रें लिहून त्यानें ही हकीकत कळविली. माणसाच्या फुप्फुसांत असे कोश कोट्यवधि असून हवा व रक्त यांमधील पडदा जागोजाग मिलिमीटरच्या सहस्रांशाहूनही पातळ असतो, हें आतां ठाऊक आहे.

न दिसणाऱ्या गोष्टी शास्त्रासही मानाव्या लागतात. परंतु ज्या वर्गांत गुरूनें सांगितलेलें छिद्र शिष्यास न दिसतांही ‘दिसलें’ म्हणावें लागतें, तेथें माल्पिघीचें यंत्र आणून ठेविलें तरी त्यांतून पाहणार कोण?