पेटीत मावणारा उद्योग

घरबसल्या हाताला काही छंद असावा, असे वाटणारी माणसे पुष्कळ असतात. कुणी नुकतेच नोकरीतून मोकळे झालेले असते, तर कुणाची मुले मोठी होऊन आपापल्या वाटेला लागलेली असतात. मग मोठ्या हौसेने एखादे यंत्र किंवा कसलेसे भारी साहित्य घरात येते. चार दिवस त्याचे कौतुक होते, पाचव्या दिवशी ते कोपरा अडवू लागते आणि महिन्याभरात त्याच्यावर ओले टॉवेल वाळत पडतात. हौस खोटी होती असे नव्हे. निवड चुकलेली असते, एवढेच. ती कशी करावी हे समजून घ्यायला आपल्या जवळच्याच इतिहासातली एक गोष्ट उपयोगी पडेल. अंगणभर जागा अडवणारा चरखा एका पेटीत जाऊन कसा बसला, त्याची ही गोष्ट.

मुळात कातण्याचे साधन लहानच होते. टकळी म्हणजे काय, तर एक बारीक दांडी आणि तिच्या खालच्या अंगाला एक चकती. मोहेंजोदडोच्या उत्खननात अशा भाजक्या मातीच्या चकत्या सापडल्या आहेत आणि चांदीच्या एका भांड्याला चिकटून राहिलेले सुती कापडाचे अवशेषही मिळाले आहेत. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे कापूस कातला जात होता. चाक त्यानंतर पुष्कळच उशिरा आले. भारतातील चरख्याचा स्पष्ट उल्लेख १३५० च्या सुमारास इसामीने लिहिलेल्या फारसी काव्यात सापडतो, याकडे इतिहासकार इरफान हबीब यांनी लक्ष वेधले आहे. हा इसामी दिल्लीहून दौलताबादेस आलेला आणि त्याचे काव्य बहमनी राज्याच्या पहिल्या सुलतानाला अर्पण केलेले. तेव्हा ही नोंद आपल्या दख्खनातलीच म्हणायची.

चाकाने वेग दिला, पण त्याबरोबर बैठकही आली. टकळी माणसाबरोबर हिंडत असे. चरखा घरात ठाण मांडून बसला आणि बाई त्याच्यापुढे बसली. पुढे गिरणीचे सूत आले आणि हा चरखा थांबला.

गांधीजींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज्य’ लिहिले, तोवर चरखा किंवा हातमाग पाहिल्याचेही त्यांना आठवत नव्हते. हे त्यांनीच आत्मकथेत प्रांजळपणे सांगितले आहे. १९१७ मध्ये भडोचच्या शिक्षण परिषदेत त्यांना गंगाबेन मजमुदार भेटल्या. चरखा शोधून काढण्याचे काम या धाडसी बाईंनी अंगावर घेतले आणि अखेर बडोदे संस्थानातील विजापूर येथे तो सापडला. सापडला कुठे, तर लोकांच्या माळ्यावर! अडगळ म्हणून तो केव्हाच वर टाकलेला होता. पेळू मिळत राहिले आणि सूत कोणी विकत घेतले, तर आम्ही पुन्हा कातू, असे तिथल्या बायकांनी सांगितले. साधन घरात होते, हातही तयार होते. आधी कच्चा माल आणि नंतर गिऱ्हाईक, ही दोन्ही टोके मात्र तुटली होती.

ही टोके जुळवण्याची खटपट सुरू झाली आणि चरखा राष्ट्राचा झाला. मग राष्ट्राने तो सक्तीचाही करून पाहिला. डिसेंबर १९२४ मध्ये आपल्या बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली. सभासदाने दरमहा स्वतः कातलेले २००० वार सूत द्यावे, असा नियम तिथे झाला. हिशेब केला तर रोजचे ६७ वार, म्हणजे फार नव्हे. पण नियमातच एक पळवाट होती. आजारपण असेल किंवा नुसती इच्छा नसेल, तरी दुसऱ्याने कातलेले तेवढेच सूत दिले तर चालेल! पुढे काय झाले हे सांगायलाच नको. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला नियम सैल झाला. वर्षाला चार आणे द्या किंवा २००० वार सूत द्या, असे ठरले. त्याच बैठकीच्या वेळी अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला आणि कातण्याचे काम मनापासून करू इच्छिणाऱ्यांकडे आले.

त्याच महिन्यात रवींद्रनाथ ठाकुरांचा चरख्यावरील टीकालेख ‘मॉडर्न रिव्ह्यू’मध्ये आला. एकच हालचाल रोज यंत्रासारखी करीत राहिल्याने माणसाचे मन बोथट होते आणि सगळ्यांना एकाच साच्यात बसवले की त्यांची निर्मितीची शक्ती मरते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. गांधीजींनी नोव्हेंबरात ‘यंग इंडिया’तून उत्तर दिले. कोणी आपला व्यवसाय सोडावा असे मी म्हटलेले नाही, तो सांभाळूनच रोज अर्धा तास द्या, एवढेच माझे मागणे आहे, असे त्यांचे सांगणे होते.

हा वाद आपण जिंकण्या-हरण्याच्या दृष्टीने पाहू नये. छंद निवडणाराला दोघांचेही ऐकावे लागते. हात नुसते फिरत राहिले आणि मन त्यात नसले, तर तो छंद न राहता रतीब होतो. उलट मन भरारी घेत राहिले आणि रोजचा अर्धा तास काही साधला नाही, तर हाताला कधीच वळण लागत नाही.

१९२९ मध्ये चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. चरखा हलका व सहज हलवता येण्याजोगा हवा, हाताने किंवा पायाने चालणारा हवा, बाईला आठ तास फारसे न थकता चालवता यावा आणि किंमत १५० रुपयांच्या आत असावी, अशा त्याच्या अटी होत्या. अनेकांनी प्रयत्न केले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातही त्यासाठी खटपट झाली. पण बक्षीस कोणालाच मिळाले नाही. भरपूर सूत आणि हलकेपणा या दोन्ही गोष्टी एका यंत्रात नांदेनात.

जे एक लाखाने झाले नाही, त्यातले अर्धे तुरुंगाने केले. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक होऊन त्यांना पुण्याजवळ येरवड्यास ठेवले, ते जानेवारी १९३१ पर्यंत. तिथे कातणे आणि चरख्यावरचे प्रयोग दोन्ही चालत. या खटपटींतून आणि बाहेरच्या कारागिरांच्या हातांतून जो आटोपशीर नमुना पुढे आला, त्याला येरवडा चक्र हे नाव मिळाले. आपण त्याला पेटीचरखा म्हणतो.

त्यातली युक्ती सोपी आहे. चाती भरभर फिरायची तर चाक मोठे हवे, ही जुनी अडचण. पेटीत एका मोठ्या चाकाऐवजी दोन लहान चाके आडवी ठेवली. मुठीचे चाक दुसऱ्याला फिरवते आणि दुसरे चातीला. समजा, पहिल्या जोडीत वेग पाचपट झाला आणि दुसरीत पंधरापट, तर मूठ एकदा फिरवताच चाती पंचाहत्तर फेरे घेते, कारण इथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो. काम संपले की चाती काढायची, झाकण लावायचे आणि कडी धरून निघायचे. आगगाडी असो की सभा, जिथे मांडी घालायला जागा मिळेल तिथे चरखा सुरू. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले, तेव्हाही त्यांचे कातणे सुटले नाही.

पेटीचरख्याने देशाचा कपड्याचा प्रश्न सोडवला, असे मी म्हणणार नाही. तो सुटला नाही. पण ज्याला रोज अर्धा तास कातायचे होते, त्याची ‘जागा नाही, वेळ नाही’ ही सबब त्याने संपवली. हे यशही लहान नव्हे.

तेव्हा आपण विणकामाच्या सुया घ्या, भरतकामाची कडी घ्या, चित्रांची वही घ्या किंवा टकळी घ्या. विकत घेण्याआधी चार प्रश्न मात्र स्वतःला विचारा. दारावरची कडी वाजली तर हे काम अर्ध्यावर ठेवून उठता येईल का आणि परत येऊन तिथूनच धरता येईल का? मुलीकडे चार दिवस राहायला गेलो तर ते पिशवीतून नेता येईल का? याला लागणारा माल आपल्या गावात मिळेल का आणि झालेली वस्तू कोणाच्या उपयोगी पडेल का? आणि शेवटचा, बेळगावचा प्रश्न. हे माझ्यासाठी दुसऱ्या कोणी केले तर मला चालेल का?

या शेवटच्या प्रश्नाला मनातून ‘चालेल’ असे उत्तर आले, तर ती वस्तू दुकानातच राहू द्या. आपल्या माळ्यावर अडगळ आधीच पुष्कळ आहे.