इफिसची पहिली प्रीती

आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्यावरील इफिस हे रोमन साम्राज्यातील एक संपन्न बंदर होते. तेथील अर्तमी देवीच्या मंदिराची गणना प्राचीन जगातील सात आश्चर्यांत होई. नगराचा मान आणि सोनारांचा धंदा ही दोन्ही त्या देवीवर विसंबून होती. अशा नगरात इसवी सन ५० नंतर काही वर्षांतच पौल आला आणि तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षे रोज उपदेश करीत राहिला. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात त्या दिवसांतला एक प्रसंग नोंदलेला आहे. जादूटोणा करणाऱ्या पुष्कळांनी आपापल्या पोथ्या आणून सर्वांसमक्ष जाळल्या. त्यांची किंमत पन्नास हजार रौप्यमुद्रा भरली. त्या पोथ्या विकून गरिबांना वाटता आल्या असत्या, असे एखादा व्यवहारी माणूस म्हणेल. परंतु ज्यांना नवे काही गवसले होते त्यांना तो हिशेब सुचलाच नाही.

पुढे यरुशलेमला जाताना पौल मिलेत येथे उतरला आणि त्याने इफिसच्या वडीलजनांना तेथे बोलावून घेतले. पुन्हा भेट होणार नाही हे कळताच ते त्याच्या गळ्यात पडून रडले. त्याच निरोपात त्याने त्यांना एक इशारा दिला होता: आपल्यामागे कळपात लांडगे शिरतील, तेव्हा सावध असा.

इफिसकर सावध राहिले, आणि त्यांच्या दोषाचे मूळ बहुधा या सावधपणातच आहे. सुमारे चाळीस वर्षांनंतर, बहुतेक अभ्यासकांच्या मते सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीत, पात्म बेटावरून योहानाने सात मंडळ्यांना संदेश लिहिले. ‘प्रकटीकरण’ या ग्रंथातील त्या सातांपैकी पहिला इफिसला आहे. त्यात प्रथम स्तुती येते. या मंडळीने श्रम केले, छळ सोसला, खोट्या प्रेषितांची पारख केली, निकलाइतांच्या आचाराचा तिटकारा बाळगला. मग एकच दोष दाखविला जातो, तो असा की तिने आपली पहिली प्रीती सोडली आहे. ही प्रीती ख्रिस्तावरची की बंधुजनांवरची, याविषयी टीकाकारांत मतभेद आहेत. पण ती दोन निरनिराळी आहेत असे त्या काळच्या मंडळीला वाटलेही नसते.

आजची एखादी मंडळी हे पत्र स्तुतीपर्यंत वाचून समाधानाने मिटून ठेवील. शाळा चालू आहेत, दवाखाना चालू आहे, समितीच्या बैठका वेळेवर होतात, वार्षिक अहवालात उणे काढण्याजोगे काही नाही. इफिसच्या अहवालातही नव्हते. आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. प्रीती सोडल्याचा ठपका ठेवल्यावर पत्र पूर्वीचा उमाळा परत आणण्यास सांगत नाही. ते पूर्वीची स्थिती आठवण्यास, पश्चात्ताप करण्यास आणि पहिली कृत्ये पुन्हा करण्यास सांगते. उमाळा आज्ञेने येत नाही. कृती मात्र करता येते.

या उपदेशाचा परिणाम झाला असावा. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नाती याला मृत्युदंडासाठी रोमला नेत असता इफिसचा बिशप अनेसिम काही सोबत्यांसह त्याला भेटण्यास स्मुर्णेस गेला. कैद्याची उघड भेट घेणे धोक्याचे होते. इग्नातीने इफिसकरांना जे पत्र पाठविले, त्यात त्यांच्या प्रीतीचाच गौरव आहे.

तथापि सावधपणाने प्रीतीवर मात करण्याची जुनी खोड त्याच नगरात पुन्हा प्रकट झाली. ४३१ साली मरियेच्या चर्चमध्ये धर्मपरिषद भरली. मरियेला ‘देवमाता’ म्हणावे की ‘ख्रिस्तमाता’, हा वाद होता. इफिसच्या बिशप मेम्ननने नेस्तोरियसच्या पक्षाला नगरातील चर्चांची दारे बंद केली. आलेक्झांड्रियाच्या सिरिलने अंत्युखियाच्या बिशपांची वाट न पाहता काम सुरू केले आणि त्याच दिवशी नेस्तोरियसला पदच्युत ठरविले. मागाहून पोहोचलेल्या बिशपांनी वेगळी सभा घेऊन सिरिल आणि मेम्नन यांनाच पदच्युत केले. ४४९ साली तेथे भरलेल्या दुसऱ्या परिषदेत तर कॉन्स्टँटिनोपलच्या फ्लेव्हियनवर हात टाकण्यात आला आणि लवकरच त्याचा मृत्यू झाला. सिद्धान्ताचा प्रश्न क्षुल्लक नव्हता, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो सोडविण्याची ही रीत योहानाच्या पत्रातील इफिसला शोभेल अशीच होती.

या भांडणाची झळ हिंदुस्थानापर्यंत आली. मलबारच्या थोमा ख्रिस्ती लोकांचा संबंध पूर्वेकडील सिरियन चर्चशी होता, आणि त्या चर्चवर नेस्तोरियसच्या मताचा शिक्का बसलेला होता. १५९९ साली गोव्याचा आर्चबिशप आलेशो द मेनेझिस याने कोचीनजवळ उदयंपेरूर येथे सभा बोलावून त्यांचे कित्येक सिरियाक ग्रंथ दूषित ठरविले व जाळविले. पन्नास हजार रौप्यमुद्रांच्या पोथ्या इफिसकरांनी आपण होऊन जाळल्या होत्या. येथे पोथ्या एकाच्या आणि आग दुसऱ्याची होती. १६५३ साली मट्टांचेरी येथे त्या समाजाने शपथ घेऊन लादलेली सत्ता झुगारली, आणि एका समाजाचे तुकडे झाले.

अखेर ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल आणि पूर्वेकडील ॲसिरियन चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. मरियेसाठी दोन्ही परंपरांनी वापरलेली संबोधने एकाच श्रद्धेची आहेत, असे त्यात मान्य केले आहे. हे उमगण्यास १५६३ वर्षे लागली.

पत्रात असा धाक आहे की पश्चात्ताप न केल्यास इफिसची समई तिच्या जागेवरून काढली जाईल. कैस्टर नदीच्या गाळाने बंदर बुजले, समुद्र कित्येक किलोमीटर दूर हटला, नगर ओसाड झाले आणि १९२३ च्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत त्या परिसरातील ग्रीक ख्रिस्ती लोकांनाही घरे सोडावी लागली. यावरून धाक खरा झाला असे सांगण्याचा मोह प्रवचनकारांना होतो. तो आवरलेला बरा. स्मुर्णा १९२२ साली जळाली आणि तेथील बहुतेक ख्रिस्ती लोक परागंदा झाले. त्या सात संदेशांत स्मुर्णेला मात्र दोषाचा एक शब्दही लावलेला नव्हता.