जकातीचा पांगुळगाडा

जकात म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सरकारी तिजोरी उभी राहते. परंतु तिचे आणखीही एक काम असते: नव्या धंद्याला पाय फुटेपर्यंत आधार देणे. मुलाला आपण पांगुळगाडा देतो, तसाच हा प्रकार. आपल्या मोटार-उद्योगाची कथा ही अशाच एका पांगुळगाड्याची कथा आहे.

न्यायमूर्ती रानडे यांनी 1892 साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात बजावले होते की, विलायतेतील अर्थशास्त्राचे सिद्धान्त सर्व देशांना सरसकट लागू पडत नाहीत. उद्योगांच्या उभारणीत सरकारने हात दिला पाहिजे. पण सरकारच परके असेल तर तो हात यावा कोठून? 1928 साली जनरल मोटर्सने मुंबईत कारखाना घातला. तेथे परदेशांतून आलेले भाग जुळविले जात, घडविले जात नसत. पुढे विश्वेश्वरय्या यांनी मोटार कारखान्याची योजना आखली, वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली. परंतु महायुद्धाच्या काळात सरकारने तिला युद्धोपयोगी उद्योग मानण्यास नकार दिला. वालचंदांची प्रीमियर कंपनी निघाली ती 1944 साली.

स्वराज्य आल्यावर चित्र पालटले. 1949 साली तयार मोटारींची आयात बंद झाली. 1953 साली टॅरिफ कमिशनने सांगितले की, ज्यांच्यापाशी येथे भाग घडविण्याचा कार्यक्रम नाही, त्यांनी जुळणीचा धंदा आवरता घ्यावा. जनरल मोटर्स व फोर्ड निघून गेल्या. मागे राहिलेल्यांना भाग येथेच घडवावे लागले, आणि त्यांच्या आश्रयाने सुट्या भागांचे कारखाने व कुशल कारागीर तयार झाले. हा संरक्षणाचा खरा लाभ होय.

त्याची किंमत मात्र गिऱ्हाइकाने मोजली. पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, आणि हाती यावयाची ती जुन्याच घडणीची गाडी! याचा सारा दोष जकातीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. बाहेर आयातबंदीची भिंत होती, तशी आत परवान्यांचीही होती. बाहेरचा प्रतिस्पर्धी येऊ शकत नव्हता, आणि घरातला उभा राहू शकत नव्हता. मग सुधारणेची निकड कोणास वाटावी?

आतली भिंत खचू लागताच काय झाले ते पाहा. 1983 च्या डिसेंबरात सुझुकीच्या सहकार्याने मारुती रस्त्यावर आली. बाहेरची भिंत उभी असतानाही जुन्या गाड्यांची सद्दी संपू लागली. त्याच दशकात जपानी सहकार्याने चार कंपन्या हलके ट्रक घेऊन उतरल्या, तेव्हा टाटांच्या पुणे कारखान्याने 1986 साली आपला 407 पुढे केला व बाजार राखला. पांगुळगाड्यातले मूल चालावयास शिकले होते, याचा हा पुरावा. 1993 साली मोटारींवरील परवान्याचे बंधन गेले. अँबॅसडर मात्र रेंगाळत 2014 साली थांबली.

परदेशी तयार मोटारींवरील जकात त्यानंतरही जबरच राहिली आहे. म्हणून 1921-22 च्या फिस्कल कमिशनची एक अट आठवावी: जो धंदा पुढे संरक्षणाविना जगाच्या स्पर्धेत टिकेल, त्यालाच संरक्षण द्यावे. ते कमिशन परक्या सरकारचे होते, पण अट खरी होती. आधार देताना तो काढण्याची तारीखही ठरवावी, आणि ती गिऱ्हाइकालाही कळावी. कारण आधाराचा खर्च त्याच्याच खिशातून जात असतो.