ज्वारी, सरकी, सोयाबीन आणि पाखरे

अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. चिखली, मेहकर, लोणार घाटावर. मलकापूर, खामगाव, शेगाव घाटाखाली. पाणी आणि जमीन वेगळी असली, तरी दोन्हीकडे भाकरी ज्वारीचीच आणि पाखरांचा चाराही तोच. कणसात दूध भरले की राघू-चिमण्यांचे थवे उतरत. राखणदार माळ्यावर चढून गोफण फिरवी. सोंगणी झाली की हे वैर संपे. खळ्यात तिवड्याभोवती बैलांची पात फिरे, उफणणीत दाणे इकडेतिकडे उडत आणि कालपर्यंत हाकललेली पाखरे ते निवांत वेचत. चिमण्यांसाठी दोन-चार कणसे ओसरीच्या आढ्याला टांगायची, हीही जुनी चाल.

हा दाणा पाखरांना मानवणारा होता. चोचीत मावेल एवढा, कोरडा, बिनमिठाचा.

बदलाची सुरुवात कापसाने केली. 1853 मध्ये निजामाने बुलढाण्यासह वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडी कापसाचा भाव चढला. 1870 मध्ये जलंबहून खामगावपर्यंत खास रेल्वेफाटा आला. कापसाच्या बोंडातून निघणारी सरकी मात्र पाखरांच्या उपयोगाची नाही. तिच्यातले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य रवंथ करणारी गुरे बऱ्याच अंशी पचवतात, पाखरांना ते बाधते. तरीही ज्वारी टिकून राहिली, कारण घरात भाकरी हवी होती आणि गोठ्यातल्या बैलांना कडबा.

1964 मध्ये ‘सीएसएच-1’ हे देशातले पहिले संकरित ज्वारीचे वाण आले. हायब्रीड ज्वारी लवकर तयार होई आणि परतीच्या पावसात सापडली की काळी पडे. काळी ज्वारी ‘पाखरांना चालेल’ म्हणून अंगणात फेकली जाते, पण बुरशी पाखरांनाही सोडत नाही. 1995 मध्ये कर्नाटक-आंध्रातल्या काही गावांत पावसात भिजलेल्या ज्वारी-मक्याची भाकरी खाऊन माणसांना पोटदुखी आणि जुलाब झाले. त्या धान्यात फ्युमोनिसिन हे बुरशीचे विष सापडले होते.

1990 नंतर सोयाबीन पसरले. ट्रॅक्टर आला तसे बैल कमी झाले आणि कडब्याची गरजही उरली नाही. मळणीयंत्राने खळे मोडीत काढले. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात, शिवाय तो टणक दाणा चिमणीला फोडता येत नाही. पेरणीच्या दिवसांत तर औषध चोळलेले लालसर बियाणे बांधावर सांडते. मोर-तित्तिरांनी ते टिपले तर जिवावर बेतू शकते.

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीत जुना धान्यसंसार अजून दिसतो. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटाभोवती 18 धान्ये मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांवरून पीकपाण्याचे भाकीत सांगतात. त्यात सरकी असते, तशीच ज्वारी, बाजरी आणि बारीक दाण्याची भादलीही. पाखरांसाठी काय ठेवावे, हे या शेवटच्या तिघांकडे बघून ठरवता येते.

आता उन्हाळ्यात गच्चीवर पाण्याचे परळ दिसतात, शेजारी कधी शेव-फरसाण, कधी शिळा ब्रेड. खारट-तेलकट खाणे पाखरांना सोसत नाही. कोरडी ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी बरी. दाणे रोज थोडेच टाकावेत आणि परळ घासून धुवावा, नाहीतर तिथूनच रोग पसरतात. पिलांचे मात्र नुसत्या दाण्यावर भागत नाही. चिमणी त्यांना अळ्या-किडेच भरवते.

ज्वारी आता कृषी सल्ल्यातून वेगळ्या कामासाठी परतते आहे. हरभरा पेरताना त्यात थोडे ज्वारीचे दाणे मिसळायला सांगितले जाते. उंच वाढलेली ती ताटे पक्षिथांबे होतात. कोतवाल, साळुंक्या त्यांवर बसून घाटेअळी टिपतात. अट एकच, त्याच शेतात जहाल कीटकनाशक फवारलेले नसावे, कारण विष प्यायलेली अळी खाणाऱ्या पाखरालाही बाधते.