लंगोट, डायपर आणि उत्सर्ग समिती



घरात बाळ येणार असलं की हल्ली बाळंतविडा भरतानाच वाद सुरू होतो. सासूबाई म्हणतात लंगोट, सूनबाई म्हणते डायपर. मग कुणीतरी अहिंसेचा मुद्दा काढतं. काढलाच आहे, तर या दोन्हींचा इतिहासही थोडा बघू या.

आपल्या आज्यांच्या घरी लंगोट विकत आणायची पद्धतच नव्हती. विरलेलं धोतर, जुनं लुगडं फाडून तिकोनी लंगोट आणि दुपटी व्हायची. नव्या कापडाची खळ बाळाला टोचते, म्हणून शंभरदा धुतलेलं जुनंच कापड हवं. खाली मेणकापड अंथरलं की झालं. पण धुवायचं कुणी? पुष्कळ घरी बाळंतिणीच्या धुण्याला बाई लावलेली असे, आणि ते धुणं जाई नदीवर नाहीतर ओढ्यावर. पिण्याचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळणारी आपली घरं वाहत्या पाण्यात जाणाऱ्या त्या मैल्याबद्दल मात्र गप्प असत. ‘पूर्वी सगळं शुद्ध होतं’ म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

डायपर आळशी बायकांसाठी निघाला, हेही खरं नाही. दुसऱ्या महायुद्धात कापूस मिळेना, तेव्हा स्वीडनमध्ये लाकडाच्या लगद्याच्या घड्या वापरात आल्या. १९४६ मध्ये अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन या आईने न्हाणीघराचा पडदा कापून लंगोटावर घालायची जलरोधक चड्डी शिवली आणि टाचणीऐवजी टिचबटणं लावली. पुढे तिने कागदी लंगोटाची कल्पना मांडली, ती कारखानदारांनी उडवून लावली. १९४७ मध्ये ब्रिटनच्या व्हॅलेरी हंटर गॉर्डन तिसऱ्या बाळाच्या वेळी धुण्याला कंटाळल्या. त्यांनी सैन्याने टाकून दिलेल्या पॅराशूटच्या नायलॉनची चड्डी शिवली आणि आत टाकाऊ गादी बसवली. मैत्रिणींची मागणी इतकी वाढली, की शिवणयंत्रावर शेकडो चड्ड्या शिवाव्या लागल्या. दोघीही आयाच होत्या, आणि दोघींनी ते स्वतःच्या हातांनी शिवलं.

कंपन्या नंतर आल्या. प्रॉक्टर अँड गॅम्बलचे व्हिक्टर मिल्स यांना नातवंडाचे लंगोट बदलायचा वैताग यायचा. त्यांच्या चमूने बनवलेले पॅम्पर्स १९६१ मध्ये इलिनॉयमधल्या पिओरिया गावात दहा सेंटांना एक असे विकायला ठेवले. ते खपेनात. किंमत सहा सेंटांपर्यंत उतरवल्यावर लोक घेऊ लागले. १९८० च्या दशकात आतमध्ये पाणी पिऊन फुगणारे दाणे आले. डायपर पातळ झाला, रात्रभर टिकू लागला. पण आत हे दाणे आणि बाहेर प्लास्टिक, त्यामुळे तो कुजेना.

आता आपल्या घरचा प्रश्न. तत्त्वार्थसूत्रातल्या पाच समित्यांपैकी शेवटची उत्सर्ग समिती. मलमूत्र टाकायचं ते जागा निरखून, जिथे जीव नाहीत तिथे. नियम मुनींचा आहे, पण त्यातला प्रश्न गृहिणीलाही लागू पडतो: टाकलेलं जातं कुठे? मैला ओलाव्यात साचला की त्यात जीवोत्पत्ती होते, असं आपण मानतो. मग गुंडाळलेला डायपर दोषाचा, तशी रात्रभर बादलीत भिजत पडलेली लंगोटंही. शिवाय धुण्याला पाणी लागतं, आणि अप्कायिक जीव आपणच मानतो. निर्दोष वाट दोन्हीकडे नाही.

ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २००८ मध्ये अडीच वर्षांच्या वापराचा हिशेब मांडला. सरासरी सवयींनी धुतलं तर हरितगृह वायूंत दोन्हींमध्ये फारसा फरक नव्हता. पण यंत्र भरून धुणं, बाहेर दोरीवर वाळवणं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरणं एवढं केलं, की कापडाचा भार सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरला. थोडक्यात, आजीच्या सवयी!

पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायका घरोघरचा कचरा हातांनी वेगळा करतात. उघडा डायपर त्यांच्या हाती येतो, आजीच्या काळी जसं ते धुणं बाईच्या हाती जाई. २०१६ च्या घनकचरा नियमांनी डायपर नीट गुंडाळूनच द्यायला सांगितलं होतं. मैला आधी संडासात टाकावा, मग डायपर कागदात बांधून वर लाल ठिपका काढावा. मिनिटभराचं काम आहे, आणि ते टाळणाऱ्यांनी ओढ्यावरच्या धुण्याला नावं ठेवू नयेत.

आमच्याकडे नातीसाठी ठरलं ते असं: दिवसा लंगोट, खराब झालं की लगेच धुऊन उन्हात. रात्री आणि प्रवासात एक डायपर, कारण सूनबाईची झोपही मोजायची असते. पावसाळ्यात दोरीवरचं काही वाळत नाही. तेव्हा दोन लागले, तर मी विचारत नाही.