राजाचा नवस आणि मजुराची दमडी

गावाचे नाव पालटते, गावातले दगड मात्र आपापल्या जागी उभे असतात. मलिक अहमद निजामशहाने १४९० मध्ये बहामनी फौजेचा पराभव केला आणि त्यानंतर सीना नदीच्या काठी आपल्या नावाचे नगर वसविले. ते अहमदनगर २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. बाजारहाट, दवाखाना, कोर्टकचेरी अशा नाना कामांनी आपल्या जिल्ह्यातील कुटुंबे या शहरात येतात आणि काम आटोपून परतीची एस.टी. धरतात. वाटेतल्या जुन्या वास्तूंकडे पाहण्यास सवड मिळत नाही. ती सवड काढून वाचकांनी आमच्यासमवेत दोन ठिकाणी पायी यावे, अशी आमची विनंती आहे.

पहिले ठिकाण म्हणजे बारा इमाम कोटला. उंच कमानीच्या दरवाजातून आत गेले की समोर प्रशस्त चौक उघडतो. पश्चिमेस मशीद, मध्यभागी पाण्याचा हौद आणि कडेने ओळीने खोल्या अशी ही मांडणी आहे. दरवाजात क्षणभर थांबून कमानीकडे पाहावे. तिचा प्रत्येक दगड खाली येऊ पाहतो, पण शेजारचा दगड त्याला दाबून धरतो. सारा भार दोन्ही बाजूंच्या भिंतींवर उतरतो आणि मधली वाट मोकळी राहते. आपल्या मातीतला हा काळा पाषाण घडविण्यास कठीण खरा, परंतु साडेचारशेहून अधिक पावसाळे त्याने अंगावर झेलले आहेत.

चौकाभोवतीच्या खोल्यांचे प्रयोजन समजले, की साऱ्या वास्तूचा अर्थ लागतो. युरोपातील मठांमध्येही अंगणाभोवती साधकांच्या खोल्या असतात. अध्ययन, प्रार्थना आणि भोजन ही तिन्ही कामे एकाच अंगणात व्हावीत, हा त्यामागील विचार. कोटलाही असेच विद्येचे आणि अन्नदानाचे स्थान म्हणून उभारला गेला.

त्याच्या मुळाशी एका पित्याची व्याकुळता आहे. अहमदचा पुत्र बुऱ्हाण निजामशहा याचा लाडका मुलगा अब्दुल कादिर दुखण्याने अंथरुणास खिळला होता. दरबारातील विद्वान शाह ताहिर याने बादशहाला बारा इमामांच्या नावे नवस बोलण्यास सुचविले. पुढे मुलगा बरा झाला. ही कथा इतिहासकार फिरिश्ता याने लिहून ठेवली असून तो स्वतः याच शहरात वाढला होता. बुऱ्हाणने १५३७ मध्ये शिया पंथ स्वीकारला. त्यावरून राजधानीत बंडाळी उसळली, पण ती शमली. बारा इमामांच्या नावे लंगर, म्हणजे गोरगरिबांसाठी अन्नछत्र, सुरू झाले आणि त्याच्या खर्चासाठी गावे नेमून देण्यात आली. त्याच सुमारास रोममध्ये मायकेलअँजेलो सिस्टाईन चॅपेलच्या भिंतीवर अंतिम न्यायाचे महाचित्र रंगवीत होता (१५३६–१५४१). भुकेल्यास अन्न दिले की नाही, हा त्या न्यायातील प्रश्न मत्तयच्या शुभवर्तमानामुळे आपणांस ठाऊक आहेच.

निजामशाही घराण्याचा मूळ पुरुष मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मण कुळात जन्मला होता, हेही फिरिश्ता सांगतो. त्यामुळे ‘आपले’ आणि ‘परके’ अशी या दगडांची वाटणी करू पाहणाऱ्याची पंचाईत होते. मोहरमच्या दिवसांत सवाऱ्या निघतात, तेव्हा हिंदू आणि मुसलमान दोघेही नवस फेडण्यास येतात. एका राजाने बोललेला नवस अशा रीतीने साऱ्या नगराचा झाला आहे.

आता किल्ल्याकडे वळू. मूळचा मातीचा कोट हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ या काळात दगडी केला. खंदकाने वेढलेल्या या तटाचा घेर सुमारे पावणेदोन किलोमीटर भरतो. किल्ल्याच्या पूर्वेस दमडी मशीद आहे. वास्तू लहानशी, पण दगडावरील नक्षी इतकी नाजूक, की लाकूड कोरल्याचा भास व्हावा. सकाळचे कोवळे ऊन तिरपे पडले, की छिन्नीची एकेक रेघ उठून दिसते. कोटल्याचे सौंदर्य त्याच्या ऐसपैस मोकळेपणात आहे, इथले हाताच्या कौशल्यात.

ही मशीद १५६७-६८ मध्ये साहिर खानाने बांधली, असे इतिहास सांगतो. लोकपरंपरा निराळे सांगते. किल्ल्याच्या बांधकामावरील मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढली आणि त्या दमड्यांतून ही वास्तू उभी राहिली, अशी ती आठवण आहे. मशिदीच्या नावात राहिली ती दमडी. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या टाकणारी विधवा येशूने शिष्यांना दाखविली होती. तिचेही नाव शुभवर्तमानात नाही, दान मात्र आहे.

आमच्या मते, या दोन वास्तू एकाच दिवशी पाहण्यात मोठा लाभ आहे. राजाच्या नवसाची तिथी, कारण आणि खर्चाची तरतूद लेखी उरली, कारण राजापाशी लेखणी चालविणारे होते. मजुरांपाशी केवळ लोकांच्या तोंडची गोष्ट होती. गावोगावच्या आपल्या ख्रिस्तमंदिरांसाठी ज्यांनी दगड वाहिले, पाणी शेंदले, मूठमूठ धान्य दिले, त्यांचीही नावे कोनशिलेवर नाहीत. ती आजीआजोबांच्या आठवणीत आहेत, आणि ती माणसे आता थकली आहेत.

तेव्हा मुलांना घेऊन नगरास जावे. प्रार्थनेची वेळ टाळून, परवानगी विचारून, पादत्राणे काढून आत शिरावे, कमान आणि नक्षी दाखवावी. घरी परतल्यावर एक वही घ्यावी आणि आपल्या गावच्या देवळासाठी कोणी काय दिले, हे वडीलधाऱ्यांना विचारून त्यांच्या नावानिशी लिहून काढावे.